घंटीशिवाय पाचशे किलोमीटर

माणसाने तोंडात घास असताना फुशारकी मारू नये. आधी घास गिळावा, तेवढ्यात थोडी अक्कल येते. पायलटनी हे पथ्य पाळलं नाही. सुट्टीच्या दिवशी, भरल्या ताटावर बसून, भरल्या तोंडाने ते बोलून गेले, "मी एकटा जाऊ शकतो. कुठेही!"

"काय म्हणालात? घास गिळा आणि परत म्हणा," समोरून आवाज आला.

पायलटनी घास गिळला. खरं म्हणजे शब्दही त्याच्याबरोबर गिळता आले असते. पण पुरुषाची जात! त्यांनी तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्याने म्हटलं.

आता पायलट म्हणजे विमानाचे नव्हेत हं. शहर बससेवेच्या नऊ नंबरच्या गाडीचे ते चालक. डेपोतून निघायचं, बाजार, शाळा, इस्पितळ, कचेऱ्या असा वळसा घालून अकरा किलोमीटरनी पुन्हा डेपोतच यायचं, अशी ती गोल गाडी. अठरा वर्षं त्यांनी ती चालवली. (कोणीतरी हिशेब केला होता की तेवढ्या अंतरात पृथ्वीला चौदा फेऱ्या झाल्या असत्या. पायलट मात्र चौदाही वेळा डेपोतच पोचले.) आणि समोर बसलेल्या बाई म्हणजे त्यांची बायको. याच गाडीच्या कंडक्टर. अख्खा डेपो त्यांना वहिनी म्हणायचा, अगदी डेपो मॅनेजरसुद्धा, आणि तो तर वयाने वडिलांसारखा होता.

बसचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. कंडक्टरने एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. डबल बेल मिळाल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. पायलटनी हा नियम नुसता पाळला नव्हता, तो त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. लग्नाची गोष्टच घ्या ना. शेवटच्या फेरीला रिकाम्या गाडीत त्यांनी आरशातून घाबरत घाबरत विचारलं होतं, "पुढचा प्रवास बरोबर करायचा का?" वहिनींनी आधी तिकिटांची पेटी बंद केली. मग टिंग टिंग. झालं, लग्न ठरलं!

बसचं ठीक आहे हो, पण घरची मोटरसायकल? रोज दोघं तिच्यावरूनच डेपोत जात. वहिनी मागे बसत, डबा मांडीवर सावरत आणि पायलटच्या पाठीवर दोन थापा मारत. थाप, थाप की गाडी हलली. सिग्नलला त्यांना थाप लागत नसे, दिवा हिरवा झाला की ते आपले निघत. पण गाडी एकदा स्टॉप घेतल्यासारखी थांबली, की दोन थापांशिवाय त्यांचं मनगट वळत नसे. एकदा वहिनी वाटेत चप्पल शिवून घ्यायला उतरल्या, तिथे त्यांना शाळेतली मैत्रीण भेटली, आणि त्या तिच्या घरी जाऊन बसल्या. दीड तासाने परत येतात तो हे तसेच. दोन्ही हात हॅंडलवर, नजर समोर. फक्त टाकीतलं पेट्रोल संपलेलं.

"अहो, निदान इंजिन तरी बंद करायचं!"

"निघायच्या तयारीत होतो ना," पायलट म्हणाले.

तर त्या दिवशीच्या फुशारकीला कारण होतं एक पत्र. ते तीन आठवडे फडताळावर मिठाच्या बरणीखाली पडून होतं. वहिनींना तपासनीस म्हणून बढती मिळाली होती. परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. अठरा वर्षं उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या आणि तपासनिसाला बसायला खुर्ची असते. शिवाय शिट्टी, टोपी, खिशात मेमोचं पुस्तक. येत्या सोमवारी सकाळी दहाच्या आत होकाराची सही द्यायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते.

आणि वहिनी सही करत नव्हत्या.

"मला ड्युटी पहाटेची लागणार," त्या म्हणाल्या. "बसमध्ये नवा कंडक्टर तुम्हाला घंटी देईल. पण आपल्या दारातून डेपोपर्यंत कोण थापा मारणार? तुम्ही संध्याकाळपर्यंत फाटकात उभे राहाल आणि लोक तुमच्यावर कपडे वाळत घालतील."

यावर पायलटना खरं तर रडू आलं होतं. आपल्या पायी हिची खुर्ची जाणार, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं. पण रडू फुटण्याऐवजी तोंडातून फुशारकी आली, ती अशी.

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "डेपोच्या भिंतीवर ती जाहिरात लागलीय बघा. मोटरसायकलवाल्यांच्या क्लबाची. लांब पल्ल्याची सहनशक्ती रॅली, पाचशे किलोमीटर, बारा तास, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. 'एकटा स्वार' असा त्यात एक गटच आहे. रविवारी जा. घंटी नाही, थाप नाही, कोणाला सांगून ठेवायचं नाही. वेळेत आलात तर सोमवारी सही करते. नाही आलात तर त्या पत्राने मी मिठाची बरणी पुसेन."

"पाचशे?" पायलट म्हणाले. त्यांच्या आवाजातली हवा गेली होती.

"कुठेही म्हणालात ना?"

"म्हणालो खरा."

"आणि खोटं चालणार नाही हं."

"मी कधी खोटं बोलतो का?"

"बोलता, पण जमत नाही तुम्हाला."

शनिवारी मेव्हण्याच्या गॅरेजात तालीम झाली. मेव्हणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ, मोटरसायकली दुरुस्त करणारा. त्याने गाडीचं तेल बदललं, साखळी ताणली, ब्रेक घासले आणि म्हणाला, "दाजी, घ्या एक चक्कर." पायलट बसले. इंजिन सुरू झालं. गिअर पडला. मेव्हण्याने वाट पाहिली, मग चहा पिऊन आला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचं पंक्चर काढलं.

"दाजी, क्लच अडकला का?"

"क्लच छान आहे. मीच अडकलोय."

मेव्हणा कनवाळू होता. त्याने हॅंडलला एक सायकलची घंटी बसवून दिली. "स्वतःच वाजवा की दोनदा, ताईला कुठे कळणार आहे?" पायलटनी घंटीकडे पाहिलं, अंगठा तिच्यापर्यंत नेला आणि परत आणला. चालकाने स्वतःच घंटी देणं म्हणजे नवऱ्याने स्वतःच स्वतःला ओवाळण्यासारखं. त्यांनी पाना मागितला आणि घंटी काढून टाकली.

रविवारी सहाला शंभरेक मोटरसायकली मैदानात घुरघुरत उभ्या होत्या. कोणाकोणाचे कातडी पोशाख होते, कोणाच्या गाडीवर तीन-तीन पेट्या. पायलट नऊ नंबरच्या खाकी गणवेशात आले होते. (स्वच्छ मात्र होता.) टाकीवर त्यांनी वेळापत्रक चिकटवलं होतं, बसच्या पाटीवर असतं तसं. ताशी पंचेचाळीसच्या वर त्यांनी जन्मात गाडी नेली नव्हती. त्या हिशेबाने अकरा तास सात मिनिटं, उरली त्रेपन्न मिनिटं. वाटेत चार चेकपॉइंट, प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का, पाचवा शिक्का परत मैदानात. बसवाल्याला याहून सोपं काय असणार?

झेंडा पडला. शंभर गाड्या सुसाट गेल्या. एक राहिली.

"काका, निघा!" झेंडेवाला ओरडला.

पायलट घामाघूम झाले. निघायचं, निघायचं, असं मन म्हणत होतं. मनगट म्हणत होतं, घंटी कुठाय? कडेला वहिनी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचं तोंड इतकं कोरं होतं, की भिंतीने शिकावं. तेवढ्यात मैदानात शिरू पाहणाऱ्या दुधाच्या गाडीला पायलट आडवे आले आणि त्या गाडीवाल्याने वैतागून हॉर्न मारला. पीं पीं!

पायलट जे सुटले, ते झेंडेवाल्याच्या पायावरून जाता जाता वाचले.

पुढच्या दोन तासांची मजा काय वर्णावी! पुढे रस्ता आणि रस्ता. वळण आलं तरी पलीकडे डेपो नाही. डोंगर दिसला तो मागे गेला, तो पुन्हा आलाच नाही. पायलटना हे फार नवीन होतं. त्यांच्या रस्त्यावर मागे गेलेली प्रत्येक गोष्ट पंचेचाळीस मिनिटांनी परत यायची. एका तळ्याला तर त्यांनी सवयीने 'भेटू' म्हणून हात केला आणि मग आपणच हसले. गाणं म्हणावंसं वाटलं तर म्हटलंही. गाणं म्हणणारा चालक वहिनींना मुळीच चालत नसे.

पहिला चेकपॉइंट आला. मंडप, टेबल, टेबलामागे चष्मेवाले पंच. पायलटनी गाडी टेबलाला समांतर, कडेपासून नेमकी एक हात सोडून लावली. पंचांनी कार्ड घेतलं. शिक्का शाईवर दाबला. एकदा कार्डावर मारला, एकदा रजिस्टरात.

ठप्प, ठप्प.

पायलट गेले.

"अहो! कार्ड! कार्ड राहिलं!" पंच कार्ड हलवत धावले, पण पन्नाशीचे पंच आणि पंचेचाळीसची गाडी, जमायचं कसं? सात किलोमीटरवर खिशात हात घातल्यावर पायलटच्या लक्षात आलं. सात परत, सात पुन्हा. त्यातून परत निघायला डबल बेल हवी, म्हणून ते टेबलापाशी ताटकळले. शेवटी पंक्चर काढून मागून आलेल्या एका स्वाराचाही शिक्का कार्डावर आणि रजिस्टरात असा दोनदा पडला, तेव्हा त्यांची सुटका झाली. पंचवीस मिनिटं गेली. उरली अठ्ठावीस.

दुसऱ्या चेकपॉइंटला तीच शिक्क्याची कृपा झाली. (या वेळी त्यांनी कार्ड दातांत धरूनच पुढे केलं, पंचांना शिक्का तिथेच मारावा लागला, नाकाला जांभळी शाई लागली.) पण त्याच्या पुढच्या पेट्रोल पंपावर मात्र कर्म आडवं आलं. टाकी भरली, झाकण लागलं, आणि पायलट उभे. रस्त्यापलीकडे एक सुतार दाराची चौकट ठोकत होता. ठक, ठक.

पायलट निघाले.

ठक.

थांबले.

ठक ठक. निघाले. ठक. थांबले. ठक ठक. ठक. ठक. ठक ठक. पंपावरची माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. गाडी हातभर पुढे जायची, गचकन थांबायची, पुन्हा हातभर जायची, आणि वर बसलेला खाकी गणवेशातला माणूस घामाने निथळत नाकासमोर बघत होता.

"गाडीत काही दोष आहे का?" पंपवाल्याने विचारलं.

"त्या सुतारात आहे!" पायलट कळवळून म्हणाले.

खिळा पुरता बसला, सुताराने हातोडा ठेवला, तेव्हा शेवटची घंटी 'थांबा'ची झाली होती. त्याने दुसरा खिळा तोंडातून काढेपर्यंत सगळी मिळून आठ मिनिटं गेली. उरली वीस.

आता इथे वाचकांपैकी शहाणे म्हणतील, मग सुरुवातीचं वचन मोडलंच की! हॉर्न काय, शिक्का काय, हातोडा काय. पायलटच्याही मनात हेच चाललं होतं. कोणाला सांगून ठेवायचं नाही असं ठरलं होतं, ते आपण पाळलं, आपणहून झालं त्याला आपण काय करणार, असं ते स्वतःला बजावत होते. पण ते काही त्यांना पटत नव्हतं. दोनशे साठ किलोमीटर झाले आणि एकदाही मी माझा निघालो नाही, असं त्यांनी हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हटलं. मग काही वेळ त्यांनी गाणं म्हटलं नाही.

अशा उदास अवस्थेत माणसाचं सवयींवर लक्ष राहत नाही. रस्त्यात एक बसस्टॉप आला. पत्र्याचं छप्पर, खाली एक आजीबाई, हातात टोपली, टोपलीत कोंबडी. पायलटचा पाय आपला आपण ब्रेकवर गेला आणि गाडी स्टॉपच्या खांबाला बिनचूक लागून थांबली.

आजीबाईंनी वर पाहिलं. एक खाकी चालक आणि चालू इंजिन. त्या टोपलीसकट मागे चढल्या, बूड नीट टेकलं आणि पायलटच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

थाप, थाप.

अहाहा! काय त्या थापा! वजनदार, वेळेवर, मधे नेमकं तेवढंच अंतर. पायलटना अंगात वीज आल्यासारखं झालं आणि गाडी निघाली. किलोमीटरभर ते सुखात होते. मग त्यांना आठवलं की आपण 'एकटा स्वार' आहोत.

"आजी, तुम्ही कुठे निघालात?"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाराची वेळ दिलीय, साडेबारा झाले. तुमची ती बस मेली आलीच नाही."

"अहो, ही बस नाही, मोटरसायकल आहे!"

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललेय म्हटलं ना? मला काय दिसतंय!" आजी म्हणाल्या. "पण गणवेश दिसतो. आणि बेल तर कळते. नीट चालव, कोंबडी घाबरट आहे."

तीस किलोमीटर त्या मागे होत्या. खड्डा आला की एक थाप, गेला की दोन. वळणावर म्हातारी मागून "हळू रे!" म्हणे आणि पायलट "होय बाईसाहेब" म्हणत. त्यांनी तिला सगळी हकिगत सांगितली. बढती, पत्र, मिठाची बरणी, सुतार.

आजींनी टोपली सावरली. मग म्हणाल्या, "तू खुळा आहेस का रे?"

"हो," पायलट म्हणाले.

"अरे, घंटी काय तुझ्यासाठी असते? मागच्या माणसांसाठी असते ती. कोणी चढतंय, कोणाचा पाय पायरीवर आहे, कोणी पडू नये म्हणून. मागे कोणी असलं तर विचारायचं. कोणी नसलं तर कुणाला विचारतोस, कोंबडीला?"

पायलटना हे एकदम पटलं. पटणं आणि मनगट वळणं यांत फरक आहे, हे त्यांना नंतर कळलं.

तिसऱ्या चेकपॉइंटला पंच बाई होत्या. त्यांनी कार्ड पाहिलं, गाडी पाहिली, मग टोपली पाहिली. "एकटा स्वार, असं लिहिलंय. मग या कोण?"

"मी पॅसेंजर," आजी म्हणाल्या. "स्वार तो आहे. मी काही चालवत नाही."

"आणि ही?"

"ही कोंबडी आहे. डॉक्टरांना द्यायचीय. तुला दिसत नसेल तर तूही चल माझ्याबरोबर."

पायलटनी मान खाली घातली. "चूक माझी आहे. सवयीने स्टॉप घेतला. कार्ड रद्द करायचं असेल तर करा. फक्त आजींना दवाखान्यापर्यंत सोडू द्या."

असं म्हणताना त्यांना मिठाची बरणी दिसत होती, आणि बरणीखालचं पत्र, आणि वहिनींचे सुजलेले पाय. पंचबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, बोटाने ओळी लावल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. "वाटेत अडलेल्याला मदत केली तर चालतं. गेलेला वेळ मात्र भरून मिळणार नाही." आणि शिक्का मारला. आजींनी दवाखान्याच्या पायरीवर उतरल्यावर हेल्मेटवर दोन टपल्या मारल्या आणि "जा, जा आता, बायको वाट बघत असेल" म्हणून त्यांना हाकललं. उरली अकरा मिनिटं.

चौथ्या चेकपॉइंटला शिक्का एकदाच मारत. रजिस्टर दुसऱ्याच माणसाकडे होतं आणि तो पेनाने लिहीत होता. पायलटनी आरशात पाहिलं. मागे कोणी नाही. 'मागे कोणी नाही,' ते मोठ्याने म्हणाले. मनगट ढिम्म! शेवटी ते गाडीवरून उतरले आणि गाडी ढकलत चालू लागले, कारण चालायला घंटी लागत नाही. पंचांना वाटलं, पेट्रोल संपलं, म्हणून चारजण मदतीला धावले. उताराला लागल्यावर ते टुणकन बसले आणि गाडी आपली आपण घरंगळली. पण त्यात पाच मिनिटं गेली, आणि मन पुन्हा म्हणालं, याला काही निघणं म्हणत नाहीत.

शेवटचे शंभर किलोमीटर पायलटनी ताशी सेहेचाळीसने काढले. (हे कृपा करून डेपोत सांगू नका.) अंग आंबलं होतं, पार्श्वभागाचं काय झालं होतं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण त्याच्याशी संपर्क तुटला होता. पण मैदान दिसलं आणि त्यांना हुरूप आला. सहाला आठ मिनिटं कमी. समोर कमान, कमानीखाली चुन्याची पांढरी रेघ, वर मोठं घड्याळ. आणि रेघेच्या अलीकडे, डाव्या हाताला, सावलीसाठी उभारलेलं एक छप्पर. छपराखाली ओळीने उभी असलेली माणसं, कोणाच्या हातात पिशवी, कोणाच्या कडेवर मूल, सगळी रस्त्याकडे माना वळवून बघत होती.

तुम्हीच सांगा, बसवाल्याच्या पायाने काय करावं?

गाडी छपरासमोर थांबली. रेघ दहा पावलांवर होती.

"अहो काका, पुढे! पुढे या!" लोक ओरडले. टाळ्या सुरू झाल्या, पण शंभर माणसांच्या टाळ्यांतून दोन वेगळ्या कशा काढणार? पाच मिनिटं उरली. चार. गर्दीत वहिनी उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मेव्हणा. मेव्हण्याने हातातला पाना उचलला आणि कठड्यावर मारणार, तोच वहिनींनी त्याचं मनगट धरलं.

"ताई, दोनच ठोके! नाहीतर गेलं सगळं!"

"हात लावशील तर याद राख."

"अगं, तुझीच बढती जाईल!"

"जाऊ दे गेली तर," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "त्यांना त्यांचं निघू दे."

हे सगळं पायलटना दहा पावलांवरून ऐकू आलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनींनी आपले दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले होते, कारण ते त्यांच्याही नकळत थाप मारायला निघाले असते. अठरा वर्षांची सवय काय एकट्या पायलटना होती? वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

पायलट मनात म्हणाले, जिच्यासाठी मी थांबतो, ती मागे नाहीच. ती पुढे उभी आहे, रेघेच्या पलीकडे. मग मी इथे कशाला थांबलोय?

त्यांनी आरशात पाहिलं नाही. कोणाला विचारलं नाही. मनगट वळलं.

गाडी चुन्याच्या रेघेवरून गेली तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. शंभर गाड्यांत ते एकोणनव्वदावे आले. पण वहिनींनी ज्या उड्या मारल्या, त्या पाहून फोटोवाल्याला वाटलं हेच पहिले, आणि त्याने पायलटचे अकरा फोटो काढले. मेव्हण्याने त्यांना उचलायचा प्रयत्न केला, तो दोघंही पडले. वहिनींनी आधी नवऱ्याच्या नाकावरची जांभळी शाई पदराने पुसली, मग आपले डोळे, त्यामुळे त्यांचेही डोळे जांभळे झाले.

"गेलात की हो!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "माझ्याशिवाय गेलात!"

"गेलो," पायलट म्हणत होते. "अगं, खरंच गेलो."

सोमवारी सकाळी साडेनऊला वहिनींनी सही केली आणि दहाला नवी टोपी घालून, शिट्टी गळ्यात अडकवून कामावर रुजू झाल्या. साहेबांनी सांगितलं, पहिला दिवस सराव म्हणून ओळखीच्या मार्गावरच उभ्या राहा. वहिनी नऊ नंबरच्या मार्गावर, कचेऱ्यांच्या स्टॉपवर, खुर्ची टाकून बसल्या.

इकडे पायलट घरून डेपोत एकटे आले होते, कोणाच्या थापेशिवाय, शीळ घालत. छाती गजभर फुगली होती. नवा कंडक्टर भला माणूस होता. इस्पितळाच्या स्टॉपवर प्लास्टरातल्या पायाचे एक गृहस्थ उतरत होते, त्यांना हात द्यायला तो खाली उतरला. पायलटनी आरशात पाहिलं. गृहस्थ उतरले होते. चढणारं कोणी नव्हतं. घंटी आली नव्हती. पण घंटीची वाट बघणारे ते पायलट आता राहिले होते कुठे? ऐटीत गिअर टाकला आणि गाडी निघाली. मागे नवा कंडक्टर तिकिटांचं यंत्र गळ्यात घेऊन, एका हाताने प्लास्टरवाल्याला धरून, दुसऱ्या हाताने बोंब मारत उभा राहिला.

कचेऱ्यांच्या स्टॉपवर शिट्टी वाजली. पायलटनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हसत हात केला. नव्या तपासनीस हसल्या नाहीत. त्यांनी गाडीत चढून कंडक्टरची रिकामी जागा पाहिली, खाली उतरल्या, खिशातून कोरं करकरीत मेमोचं पुस्तक काढलं आणि आपल्या कारकिर्दीतला पहिला मेमो सुवाच्य अक्षरात लिहून, फाडून, खिडकीतून आत दिला.

पायलटनी तो वाचला. "चालकाने घंटी न मिळता गाडी हलवली व कंडक्टरला स्टॉपवरच सोडले. सक्त ताकीद देण्यात यावी. सदर चालकास ताकीद देऊन उपयोग होत नाही, असा खालील सही करणारीचा अठरा वर्षांचा अनुभव आहे."